फसव्या चढावरचा ठिपका

लॅबमध्ये त्याला सगळे 'सावकाश' म्हणत. अगदी तोंडावर नाही, पण फार पाठीमागेही नाही. तो डबा घेऊन दारातून आत येत असला की आतल्या खोलीतून कोणीतरी ओरडे, "सावकाश आले हो!" आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. एकवीस वर्षं तो हेच काम करत होता. डोंगरापलीकडच्या गावातल्या दवाखान्यात जायचं, नर्सबाईंनी भरून ठेवलेल्या रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घ्यायच्या, डबा मोटरसायकलच्या मागे पट्ट्यानं आवळायचा आणि घाट ओलांडून शहरातल्या लॅबमध्ये आणून द्यायचा. तीस किलोमीटरचा रस्ता, चौतीस वळणं, आणि अकरा चढ असे, की माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एक नळी फुटली नव्हती की त्याचा स्वतःचा एक गुडघा फुटला नव्हता.

यामागचं गुपित कोणी विचारलं तर तो एकच वाक्य सांगे. "जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे." विचारणारा आणखी काहीतरी ऐकायला थांबे, आणि हा आपला डब्याचा पट्टा सोडायला लागे. पण त्या एका वाक्यावर त्याचं सगळं चालणं होतं. चढाचा माथा जवळ आला की एक गिअर उतरवायचा, दोनदा हॉर्न वाजवायचा, आपल्या बाजूला राहायचं आणि कान टवकारायचे. वळणावर समोरच्या गाडीकडे नाही, झाडाकडे नाही, तर रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकत्र येताना दिसतात तिथे बघायचं. ती जागा आपल्या अंगावर येत असली तर वळण आवळतंय, मुकाट्यानं वेग कमी करायचा. ती लांब पळायला लागली की मग मूठ पिळायची, तीही बेतानं. त्याची बायको म्हणे, "लग्नाला होकारसुद्धा यांनी असाच दिला. दोनदा हॉर्न वाजवून, कोणी येत नाही ना बघून."

अशा माणसाला कोणाचा हेवा वाटेल असं कोणाला वाटलं नसतं. पण वाटला, आणि असा वाटला की जेवण गोड लागेना. हेवा साडूचा.

दुर्दैव असं की साडूला या कामावर यानंच चिकटवलं होतं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा एका कारखान्यात यंत्रावर होता. कारखाना बंद पडला तशी बायको रोज संध्याकाळी चहाबरोबर तोच विषय वाढायला लागली. "अहो, तुमच्या लॅबला दुसरा माणूस हवाय ना? बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे." यानं शब्द टाकला. लॅबच्या बाईंनी साडूला सकाळची खेप दिली, याच्याकडे दुपारची ठेवली. पहिल्या दिवशी हा पुढे आणि साडू मागे, असे दोघं घाटातून जाऊन आले. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा धोंड्याचं वजन कळलं नव्हतं.

याला घाटाला बावन्न मिनिटं लागत. साडू महिन्याभरात बेचाळीसवर आला. लॅबमध्ये पोचल्याची वेळ भिंतीवरच्या फळ्यावर लिहीत, सकाळची डावीकडे आणि दुपारची उजवीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आपोआप तुलना करता यावी. बाई एकदा सहज म्हणाल्या, "तुमचे साडू म्हणजे कमाल आहे हो. इतक्या लवकर घाट पाठ झाला! तुम्हाला किती वर्षं लागली होती?" त्यांनी खरोखरच सहज विचारलं होतं. याच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. "मी मोजली नाहीत," असं म्हणून तो बाहेर आला आणि गाडी चालू करताना दोनदा बंद पाडली.

साडूचं सगळंच याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. त्याचं ते काळं जाकीट. त्याचं लॅबमध्ये शिरताना हेल्मेट काखेत धरून केसांतून हात फिरवणं. नर्सबाईंनी याला एकवीस वर्षांत कधी चहा विचारला नव्हता असं नाही, पण साडूला म्हणे त्या खुर्ची देतात. याला हसू येण्यासारखी गोष्ट नव्हती, तरी साडूनं विनोद केला की सगळी लॅब हसे आणि हा कोपऱ्यात उभा राहून बर्फाचे तुकडे मोजे.

तरीही हे सगळं त्यानं गिळलं असतं. घशात अडकली ती लेक.

एकुलती एक लेक, वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. शाळेत असल्यापासून ती याच्या मागे बसून फिरलेली. तिला मोटरसायकल शिकायची होती आणि हा दोन वर्षं "शिकवतो, शिकवतो" म्हणत होता. सुरुवात गाडी स्टँडवर लावून ब्रेक कसा लागतो ते बघण्यापासून झाली होती, आणि सहा रविवार गेले तरी गाडी स्टँडवरून उतरली नव्हती. मग एके दिवशी काका आला, म्हणाला "चल गं, मैदानावर जाऊ," आणि संध्याकाळी पोरगी तिसऱ्या गिअरमध्ये घरी आली. दारात उभी राहून ओरडली, "बाबा, काका भारी शिकवतात! नुसतं मागे बसतात आणि म्हणतात, घाल पुढं!"

"छान," तो म्हणाला.

"छान काय, तुमचं तोंड बघा केवढं झालंय," बायको म्हणाली. आणि मग बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक सुरू झालं. किती मोकळा स्वभाव, किती उरक. तो ताटावरून उठला. त्याला सरळ सरळ जळत होतं. आपल्या पोरीच्या तोंडातला तो 'भारी' आपल्यासाठी असायला हवा होता, आणि तो दुसऱ्याच कोणाला गेला होता. महिन्याभरात तिनं परवाना काढला. परीक्षेच्या दिवशीही काकाच बरोबर गेला, कारण याची दुपारची खेप होती.

आता ठिपक्यांचं सांगायला हवं, कारण ते घरात कोणाला ठाऊक नव्हतं, असं निदान त्याला वाटत होतं. कामाला लागला त्या पहिल्या वर्षी तो एका चढावर मरता मरता वाचला होता. शहरापासून दहा किलोमीटरवरचा तो चढ. गावाकडून येताना विजेचे खांब सरळ रेषेत माथ्यावरून पलीकडे जाताना दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की रस्ताही त्यांच्याबरोबर सरळच जात असेल. खांब जातात. रस्ता माथ्यावरच डावीकडे वळतो, आणि सरळ पुढे आहे दगडाची जुनी खाण, साठ फूट खोल. त्या दिवशी त्याचं पुढचं चाक खाणीच्या काठापासून हातभर अंतरावर थांबलं. अर्धा तास त्याला परत गाडीवर बसता आलं नाही. त्यानं त्या चढाचं नाव फसवा ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात घराच्या दाराला लावून उरलेला पांढरा रंग घेऊन तो घाटात गेला. प्रत्येक आंधळ्या चढाच्या अलीकडे, आपल्या बाजूच्या कडेच्या दगडावर त्यानं खूण केली. पुढे रस्ता डावीकडे वळत असेल तर एक ठिपका, उजवीकडे वळत असेल तर दोन. सरळ असेल तर काहीच नाही. रंग फिका झाला की तो वर्षाआड पुन्हा लावी. त्याला स्वतःला त्यांची गरज दुसऱ्या वर्षीच संपली होती. तरी तो लावत राहिला, आणि ठिपका असो नसो, माथ्यावर हळूच होत राहिला.

एका सकाळी त्याला काही कामासाठी पलीकडच्या गावाला जायचं होतं. वाटेत फसव्याच्या जवळ पाणी प्यायला थांबला, तर समोरून साडू येताना दिसला. हा कठड्याआड होता, साडूला दिसला नाही. साडूनं माथ्यावर वेग कमी केला नाही. हॉर्न नाही, गिअर नाही. पण माथ्याच्या अलीकडे त्याची मान क्षणभर खाली, कडेच्या दगडाकडे वळली आणि पुढचा रस्ता दिसायच्या आधीच त्यानं गाडी डावीकडे झुकवली.

याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे साडूनं घाट पाठ केलाच नव्हता, हे बेचाळीस मिनिटांचं कौतुक याच्या ठिपक्यांवर चाललं होतं!

तो चिडला, आणि खरं सांगायचं तर थोडा सुखावलाही. आता फळ्यावरची वेळ कोणाची, हे त्याला कळलं होतं. साडू कधीतरी आपण होऊन म्हणेल, "दादा, तुमच्या खुणांमुळे जमतं हो," अशी तो चार दिवस वाट बघत राहिला. चौथ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये दोघं एकत्र आले. बाईंनी साडूला विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत, पलीकडचं दिसत नसताना?"

साडूनं केसांतून हात फिरवला. "रस्ता मला वासावरनंच कळतो, बाई. काही जणांना असतं, काही जणांना नसतं."

सगळे हसले. शेजारी लेक उभी होती, कॉलेजवरून काकाबरोबर आलेली. तीही हसली.

त्या दुपारी गावाहून डबा घेऊन परत येताना त्यानं फसव्याच्या अलीकडे गाडी थांबवली. टाकीवरच्या पिशवीत चेन साफ करायचा तारेचा ब्रश होता. त्यानं तो काढला, दगडापाशी उकिडवा बसला आणि ठिपका खरवडून काढला. एकवीस वर्षांचे थर होते, वेळ लागला. खरवडताना तो स्वतःशी पुटपुटत होता. ठिपका माझा, रंग माझा, मी काढीन नाहीतर ठेवीन. उद्या खूण दिसली नाही की हिरो बावचळेल, चारचौघांसारखा हळू होईल, आणि फळ्यावर एकदा तरी बावन्न मिनिटं लागतील. एकदाच. मग परत लावू. दगड साफ झाला तेव्हा त्याला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. रात्री तो पोटभर जेवला आणि बायकोनं साडूचा विषय काढला तरी गालातल्या गालात हसत राहिला.

दुसरा दिवस शनिवार. तो उशिरा उठला. नऊ वाजत आले होते. स्वयंपाकघरात बायको चहा गाळत होती.

"ती कुठाय?" त्यानं विचारलं.

"गेली की साडेसातलाच, काकांबरोबर. आज ती चालवणार आहे घाटातून. ते मागे बसणार, डबा मांडीवर घेऊन." तिनं कप पुढे ठेवला. "मी आधी नकोच म्हणत होते. पण ते म्हणाले, ताई, घाटात काही अवघड नाही, दगडांवर खुणा आहेत. ठिपका दिसला की सांगेन तिला कुठे वळायचं ते. आणि ठिपका नसेल तिथं खुशाल सरळ जायचं."

त्यानं कप उचलला होता. तो तसाच खाली ठेवला.

ठिपका नसेल तिथं सरळ. त्याचाच नियम, त्यानंच केलेला. काल दगडासमोर बसून त्याला सगळं सुचलं होतं, फक्त हे सोडून. खूण पुसली की माणूस हळू होईल असं त्यानं धरलं होतं. पण त्याच्या घाटात कोरा दगड 'जपून' असं म्हणत नव्हता. कोरा दगड म्हणत होता, जा.

"अहो, चहा!" बायको मागून ओरडली, तोवर तो जिन्यात होता. फोन लावला तर घाटात रेंज नाही, हे त्यालाही माहीत होतं. नऊच्या सुमाराला नर्सबाई डबा देतात. म्हणजे ती निघाली असणार. तिचे वीस किलोमीटर आणि याचे दहा.

एकवीस वर्षांत जे केलं नाही ते सगळं त्यानं त्या दहा किलोमीटरात केलं. पहिल्या चढावर हॉर्न वाजवला, दुसऱ्यावर विसरला. तिसऱ्याच्या माथ्यावर अचानक समोर दगडांनी भरलेला ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरवाल्यानं त्याला जी शिवी हासडली ती त्यानं मनातल्या मनात स्वतःलाच दोनदा दिली. रस्त्याच्या कडा कुठे मिळतात ते बघायला त्याचे डोळे जागेवर नव्हते. डोळ्यांसमोर खाणीचा काठ होता. आपण जळत होतो कोणावर आणि जाळलं काय, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

शहराकडून येताना फसव्यावर आधी उजवं वळण लागतं आणि लगेच माथा. त्यानं वळण कापलं. म्हणजे समोरच्याच्या बाजूनं गेला, जिथे जायचं नसतं हे तो सगळ्या जगाला सांगत आला होता. माथ्यावर आला आणि समोर, दहा हातांवर, लाल हेल्मेट.

त्यानं ब्रेक दाबला, गाडी डावीकडे ओढली, कडेच्या खडीवर चाक गेलं आणि गाडी आडवी झाली. तोही झाला. आयुष्यात पहिल्यांदा.

"बाबा!"

ती उभी होती. गाडी आपल्या बाजूला, अगदी बरोबर जागी, इंजिन चालू, दोन्ही पाय जमिनीवर. तिनं स्टँड लावला आणि धावत आली. साडू डबा पोटाशी धरून उतरला. याचा गुडघा फुटला होता, पँट फाटली होती, बाकी सगळं जागेवर होतं.

"बाबा, इतक्या जोरात? पलीकडचं दिसत नव्हतं ना तुम्हाला?"

तो खडीवरून उठायला लागला. बोलला तो साडू. "दादा, हिला सांगा तुम्हीच. मी मागून ओरडतोय, ठिपका नाही, सरळ आहे, घाल पुढं. ही ऐकेल तर शप्पथ! गिअर उतरवला, हॉर्न वाजवला, आणि हळूहळू येऊन बरोबर माथ्यावर थांबली, कोणीतरी येतंय म्हणून."

"मला आवाज आला गाडीचा," ती म्हणाली. "आणि बाबा ठिपका असला तरी हळूच होतात. मी लहानपणापासून मागे बसून बघतेय."

म्हणजे तिला ठिपके माहीत होते. सगळं माहीत होतं. सहा रविवार स्टँडवर बसून ती काय शिकली असेल नसेल, पण बारा वर्षं त्याच्या पाठीमागे बसून ती गाडी चालवायलाच शिकत होती.

ती त्याच्या पिशवीतून सांडलेल्या वस्तू गोळा करायला वाकली. पाना, फडकं, पाण्याची बाटली. मग तारेचा ब्रश. तारांमध्ये पांढरा चुरा अडकला होता. ती ब्रशकडे बघत राहिली. मग वळून माथ्याच्या पलीकडे, कडेच्या दगडाकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

खोटं बोलायला जागा होती. साडूला अजून काहीच कळलं नव्हतं, तो डब्यातल्या नळ्या तपासत होता.

"मी खरवडला," तो म्हणाला. "काल. तुझ्या काकाचा हेवा वाटत होता म्हणून."

साडूनं वर बघितलं. आधी तो हसला, कारण सवय होती. मग त्याची नजर सरळ पुढे, खांबांच्या रेषेत, खाणीकडे गेली आणि तो कठड्यावर खाली बसला. "मी तिला सरळ जा म्हणत होतो," एवढंच तो म्हणाला, आणि तेच पुन्हा म्हणाला.

लेक रडली नाही, आणि ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं ब्रश पिशवीत घातला, पिशवीची चेन ओढली, त्याची गाडी उभी केली आणि साडूच्या हातात दिली. "काका, डबा नीट बांधा आणि तुम्ही पुढे व्हा. बर्फ विरघळेल." साडू निघाला. पुढच्या चढावर त्यानं हॉर्न वाजवल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

मग ती काकाच्या गाडीवर बसली. "बसा मागे."

"आईला मी सांगेन," तो म्हणाला.

"तुम्हीच सांगायचं आहे."

तो मागे बसला. बारा वर्षं ती जिथे बसायची तिथे. गुडघा ठणकत होता आणि हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं. तिनं गाडी हळू सोडली. पहिला माथा जवळ आला तसा एक गिअर उतरवला, दोनदा हॉर्न वाजवला, आपल्या बाजूला राहिली आणि मान किंचित तिरकी करून ऐकलं. मान तिरकी करायची सवय त्याचीच होती, आपल्याला ती आहे हे त्याला आजवर माहीत नव्हतं. उतारावरच्या वळणात कडा मिळायची जागा लांब पळायला लागली तेव्हा तिनं मूठ पिळली, बेतानं.

ती अगदी बाबासारखी चालवत होती. काल दुपारपर्यंतच्या बाबासारखी. आणि त्या माणसाचा त्याला इतका हेवा वाटला, जितका साडूचा कधी वाटला नव्हता.

"धरून बसा," ती पुढे बघतच म्हणाली, "पुढचा चढ आंधळा आहे."